बाळ, बाळंतीण आणि कॅमेरा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी संपादक समितीने सर्व सभासद भगिनींना एक विनंती केली होती. प्रत्येकीने आपले किंवा आपल्या मुलाबाळांचे लहानपणचे एक जुने छायाचित्र आणून द्यावे, म्हणजे त्यांतून दोन पाने सजवता येतील. छायाचित्रे गोळा करून लावण्याचे काम माझ्याकडे आले. तरुणपणी मला फोटो काढण्याची हौस होती हे जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे. त्या हौसेचाच हा दंड असावा! भगिनींनी ट्रंका उघडल्या, जुन्या पोथ्यांत व साड्यांच्या घडीत ठेवलेले फोटो शोधून काढले आणि पाहता पाहता माझ्या टेबलावर साठ-सत्तर चित्रांचा ढीग झाला.

ती चित्रे वयानुसार लावू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. १९८० च्या आधीच्या एकाही चित्रात चार महिन्यांच्या आतले मूल नव्हते. कोणी पालथे पडून मान उचलली आहे, कोणी पितळी गडव्याला धरून बसले आहे, कोणी रडून रडून डोळ्यांचे काजळ गालांवर आणले आहे. पण पाळण्यातले, मुठी मिटलेले, आठ-दहा दिवसांचे बाळ कोठेच नाही. दुसरी गोष्ट मग दिसली. बहुतेक चित्रांत आईही नव्हती. कोठे कडेला बांगड्यांचा हात, कोठे पदराचे टोक, एवढेच. मागच्या बाजूला शाईने लिहिलेले असे : “चि. अमुक, वय ९ महिने,” आणि त्याखाली वडिलांचे नाव.

असे का झाले असावे, याचा विचार मी गेले दोन महिने करीत आहे. लेखणी चालवण्याचा मला सराव नाही. परंतु या प्रश्नाच्या उत्तरात थोडा छायाचित्रकलेचा इतिहास आहे, थोडा आपल्या खानदेशातल्या घरांचा इतिहास आहे, आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्टही आहे. ती चूक मी आजवर एका व्यक्तीखेरीज कोणास सांगितलेली नाही. आज सांगते.

प्रथम कॅमेऱ्याची बाजू पाहू. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी भर उन्हातही कित्येक मिनिटे लागत. इतका वेळ मोठा माणूससुद्धा श्वास रोखून बसू शकत नाही; म्हणून मानेला मागून लोखंडी आधार देत. पुढे काचेच्या ओल्या पट्ट्यांची रीत आली आणि मिनिटांची सेकंदे झाली. पण तान्ह्या मुलाला सेकंद काय आणि मिनिट काय! त्याने हात हलवला की चित्रात हाताऐवजी धुक्याचा पुंजका उमटे. यावर विलायतेतल्या व अमेरिकेतल्या फोटोवाल्यांनी एक तोड काढली होती. आईने खुर्चीवर बसायचे, तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत एखादा पडदा किंवा गालिचा टाकायचा, आणि तिच्या मांडीवर मूल ठेवायचे. आईच्या ऊबेने मूल शांत राही आणि चित्रात आई म्हणजे नुसती कापड घातलेली खुर्ची वाटे. अशी शेकडो चित्रे आज संग्रहालयांतून आहेत. त्यांतली काही मी छापलेली पाहिली आहेत. मूल गोजिरवाणे असते. पण एकदा का त्या कापडाखाली माणूस आहे हे कळले, की नजर पुन्हा मुलाकडे वळत नाही.

त्याच काळात एका हौशी बाईने मात्र वेगळी वाट धरली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन ही १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेली. १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिच्या मुलीने व जावयाने तिला कॅमेरा भेट दिला.  घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची तिने काचेची चित्रशाळा केली, कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली, आणि घरातल्या मोलकरणी, शेजारपाजारची मुले, स्वतःचा नातू यांची चित्रे ती काढू लागली. मुले हलत, चित्रे किंचित धूसर येत. जाणकार नावे ठेवीत. तिने ते मनावर घेतले नाही. मुलाजवळ बसलेली बाई तिने झाकली नाही. उलट त्या दोघांचे मिळूनच चित्र केले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नवी विद्या शिकणाऱ्या या बाईची गोष्ट आपल्या मंडळातील प्रौढ भगिनींनी जरूर ध्यानात ठेवावी.

आता आपल्या भागाकडे येऊ. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे चित्र आपल्याकडे नव्हतेच असे कोणी म्हणू नये. जळगावाहून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर गौतम बुद्धाच्या जन्माचा प्रसंग रंगवला आहे. मायादेवी उभी आहे आणि जन्मलेले बाळ इंद्राने हाती घेतले आहे. सतराव्या लेण्यात यशोधरा राहुलला पुढे करून बुद्धासमोर उभी आहे, ते चित्र तर जगप्रसिद्ध आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने आईला कापडाखाली झाकले नाही, हे लक्षात घ्यावे. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे तो कॅमेराही वापरू लागला आणि लेण्यांची छायाचित्रे त्याने काढली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. म्हणजे कॅमेरा आपल्या दाराशी फार लवकर आला होता. पण तो लेण्यांपाशी आला, घरांच्या आत आला नाही.

घरात तो का आला नाही? एक कारण पडद्याचे व रिवाजाचे. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवण्यासाठी बाईचीच नेमणूक केली. यावरूनच दिसते की एरवी घरंदाज स्त्रीने परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यापुढे बसणे अवघड होते. मग बाळंतिणीची तर गोष्टच सोडा. आपल्याकडे दहा दिवस सोयर. त्या खोलीत पुरुषाने पाऊल घालायचे नाही. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा; त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते अशी समजूत. बाराव्या दिवशी बारसे. तोवर बाळाला नावसुद्धा नाही. मग फोटो कुणाचा काढायचा?

आपल्या धाब्याच्या घरांचीही अडचण होती. जाड भिंती, बुटके दार, छतात एखादा झरोका. खानदेशच्या उन्हाळ्यात ही घरे गार राहतात. पण बाळंतिणीची खोली म्हणजे त्यातली सर्वांत आतली खोली. वारा लागू नये म्हणून दाराला गोधडी, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपाची धुरी. त्या धुरात आणि अंधारात आईला स्वतःच्या बाळाचे तोंड नीट दिसत नसे, तर साध्या कॅमेऱ्याला काय दिसणार?

आणि सर्वांत मोठे कारण नजरेचे. माझ्या आजेसासूबाई कॅमेरा पाहताच म्हणायच्या, “पोरले नजर लागी जाई, माय!” आम्ही तरुण मुली तेव्हा हसायचो. आज मी हसत नाही. नजर लागण्याची भीती ही मुळात मूल जाण्याची भीती होती. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत, असे सरकारी नमुना नोंदणीचे आकडे सांगतात. आठांत एक. ज्या आळीत आठ पाळणे हलत, तेथे एक रिकामा होणार हे प्रत्येक म्हातारीने डोळ्यांनी पाहिलेले होते. २०२० साली हाच आकडा २८ वर आला. मूल चार-सहा महिन्यांचे झाले, बसू लागले, अंग धरू लागले, म्हणजे ते आपले. मग त्याला अंगडे-टोपडे घालून, गालाला तीट लावून फोटोवाल्याकडे न्यायचे. तोवर त्याला गाजवायचे नाही. आपल्या ढिगात तान्ह्या बाळाचा फोटो का नाही, याचे हे उत्तर आहे. तो फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्याहून अधिक भरवसा लागत होता, आणि तेवढा भरवसा आपल्या घरांना परवडणारा नव्हता.

आता माझी गोष्ट. माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. धाकट्या भावाला कॉलेजात असताना फोटोचा नाद लागला होता. त्याने पुस्तके आणून अंधाऱ्या खोलीचे काम शिकून घेतले आणि मलाही शिकवले. लग्नात त्याने मला अॅग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा दिला. तो त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून पुष्कळ दिसे. एका रिळात बारा चौकोनी फोटो निघत. किंमत बेताची, पण रीळ, रसायने, कागद हे सारे जपून वापरावे लागे. परदेशी मालाची टंचाई होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स कारखान्यात १९६७ पासून आपल्या देशात फिल्म बनू लागली होती. बारा फोटो म्हणजे बारा वेळा विचार. आज नातवंडे एका मिनिटात पन्नास फोटो काढतात तेव्हा मला आतल्या आत हिशेब सुचतो.

या कॅमेऱ्याने तान्हे बाळ टिपायचे म्हणजे चार संकटे. एक, तो आठ-दहा फुटांच्या आतले स्पष्ट दाखवीत नसे. आणि दहा फुटांवरून आठ दिवसांचे बाळ म्हणजे कापसाचा पेळू. जवळून काढण्यासाठी पुढे एक जोडभिंग लावावे लागे आणि मग अंतर दोरीने मोजावे लागे. दोन, त्याला उजेड भरपूर लागे आणि बाळ तर अंधारात. तीन, त्याची झडप काही फार चपळ नव्हती. तेवढ्यात बाळाने मूठ हलवली की मूठ पुसट झालीच. चार, बाळ दचकते. खटका वाजला किंवा चकाकले की तान्ही मुले दोन्ही हात फेकतात आणि पुन्हा छातीशी आणतात. तो त्यांचा उपजत धर्म आहे. त्यानंतर जे रडणे सुरू होई ते ऐकून घरातली सारी वडीलधारी माणसे धावत येत आणि छायाचित्रकार बाईंची रवानगी अंगणात होई!

जळगावाहून धुळ्याला आगगाडीने जायचे तर चाळीसगावला गाडी बदलावी लागे. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झालेला. गाडीची वाट पाहत फलाटावर बसले की भाऊ हमखास केकी मूस यांचा विषय काढी. मुंबईस १९१२ साली जन्मलेले हे पारशी कलावंत, विलायतेहून शिकून आल्यावर चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या आपल्या दगडी बंगलीत राहू लागले आणि पुढे १९८९ साली वारेपर्यंत जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. त्यांच्याविषयी नाना गोष्टी सांगितल्या जात. कोणाची तरी वाट पाहत रोज पंजाब मेलच्या वेळेला ते दारे उघडीत, अशीही एक. खरेखोटे देव जाणे. पण घराच्या चार भिंतींत, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी काढलेल्या छायाचित्रांना देशोदेशींची बक्षिसे मिळाली हे खरे. भाऊ म्हणे, “ताई, एका घरात जेवढा उजेड येतो तेवढा माणसाला आयुष्यभर पुरतो. तो कोठून येतो ते तेवढे पाहावे.” मी त्यांना कधी पाहिले नाही. पण हे वाक्य लक्षात राहिले आणि त्याच जोरावर मी तो उद्योग केला.

१९७१ चा मे महिना. मी उन्हाळ्यासाठी माहेरी गेले होते. आमच्या गल्लीतच, चार घरे सोडून, माझ्याच वयाची एक जण बाळंत झाली होती. तिचे नाव येथे लिहीत नाही. पहिलीच मुलगी. नवरा सुरतेला कामाला. दिवाळीशिवाय रजा नाही. सातव्या दिवशी मी दारातून विचारपूस करायला गेले तेव्हा तिने हळूच म्हटले, “तुझ्याकडे ते फोटोचे यंत्र आहे ना? त्यांना पोरीचा एक फोटो धाडायचा आहे. दीर परवा सुरतेला चालले आहेत.”

दुसऱ्या दिवशी सासू बाजारात गेल्या तेव्हा आम्ही ते काम केले. मी दाराची गोधडी बाजूला केली, समोर माझ्या वडिलांचे पांढरे धोतर दोरीवर ताणून बांधले, म्हणजे अंगणातला उजेड त्यावरून आत पडेल. दोरीने अंतर मोजले. तिने पोरीला उंबरठ्याशी आणले. काय रूप होते! डोळे मिटलेले, कपाळावर मऊ लव, कानामागे काजळाचा ठिपका. मी कॅमेऱ्यात पाहिले तर अर्धे चित्र आईनेच व्यापले होते : विस्कटलेले केस, डोक्याला बांधलेले फडके, रात्रीच्या जागरणाचे डोळे. मी तिला म्हटले, “तू बाजूला हो. नुसता हात दे मानेखाली. फोटो पोरीचा आहे.” ती मुकाट्याने बाजूला सरकली. मी चार फोटो घेतले.

घाई होती. दीर दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जाणार होते. भाऊ म्हणाला, “आज रात्री धुऊ नकोस. पाणी तापलेले आहे. उद्या सकाळी बर्फ आणतो, मग धुऊ.” फिल्म धुण्याचे रसायन साधारण वीस अंश सेल्सिअसला, म्हणजे अडुसष्ट अंश फॅरनहाइटला असावे लागते. मे महिन्यात धुळ्याला रात्री दहा वाजता माठातले पाणीही तेवढे गार नसते. हौदातले तर कोमट. मला ते ठाऊक होते. पण सकाळी धुऊन, वाळवून, कागदावर छापून गाडीच्या वेळेआधी द्यायला वेळ पुरला नसता असे मला वाटले. खरे सांगायचे तर, एकटीने करून दाखवावे हा ताठाही होता. मी खोली बंद केली आणि अंधारात, परातीत, हाताने फिल्म खालीवर करीत धुऊ लागले.

फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. गरम पाण्यात तो फुगतो, मऊ होतो आणि सायीसारखा सुटून येतो. बोटांना तो बुळबुळीत लागला तेव्हाच मी समजले. दिवा लावून पाहते तो बहुतेक थर परातीच्या तळाशी काळ्या चिंध्यांसारखा पडलेला. बारा फोटोंपैकी एकही धड नव्हता.

सकाळी मी तिला सांगितले, “फिल्मच खराब निघाली. विकत घेतानाच खराब असेल.” हे खोटे होते. ती म्हणाली, “असू दे. बारशाला पुन्हा काढू.” पण बारशाच्या आधीच जळगावाहून बोलावणे आले आणि मी निघून आले.

आषाढात माझ्या आईचे पत्र आले. पोर जुलाबांनी गेली. दीड महिन्याची होती. पत्राच्या शेवटी आईने लिहिले होते : “ती परवा आली होती. ‘मन्ही पोरना फोटू निंघना का?’ असे विचारत होती. एखादा तुकडा तरी असला तर पाहा.” त्या पत्राला मी इतर सर्व गोष्टींचे उत्तर लिहिले. या गोष्टीचे लिहिले नाही.

पुढे मी पुष्कळ शिकले. हायपोच्या पाण्यात तुरटी घातली म्हणजे थर कडक होतो. उन्हाळ्यात परात बर्फाच्या घमेल्यात ठेवावी. आणि काहीच जमत नसेल तर थांबावे, कारण न धुतलेली फिल्म थंड जागी ठेवली तर थांबायला तयार असते. पाणी शुद्ध करायला आपण जी तुरटी फिरवतो तीच ही तुरटी; ती आमच्या स्वयंपाकघरातच होती! आपल्या मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धांचे फोटो मी अनेक वर्षे काढले, ते या शिकण्याच्या बळावर. ते फोटोही परवा मी पुन्हा पाहिले. गुटगुटीत मुले, गळ्यात बक्षिसाचे हार. त्यांच्या आया चित्राच्या चौकटीबाहेर उभ्या आहेत. मीच त्यांना बाहेर उभे केले होते.

१९८४ साली माहेरचे घर आवरताना भावाच्या जुन्या पेटीत एक कागदाची पुडी सापडली. वर त्याच्या अक्षरात लिहिले होते, “ताईची फिल्म, मे ७१.” मी टाकून दिलेली ती पट्टी त्याने वाळवून जपली होती. उजेडापुढे धरली तर जवळजवळ सारी कोरी काच. फक्त एका चौकोनाच्या कोपऱ्यात, दोन बोटे रुंद, थर टिकला होता. त्यात पोरीचे तोंड नव्हते. होता तो आईचा हात : मानेखाली धरलेला, काकणांचा. आणि त्या हाताच्या अंगठ्याला धरलेली एक इवलीशी मूठ.

मी तो कोपरा छापला. दिवाळीत ती सुरतेहून धुळ्याला आली होती तेव्हा घेऊन गेले. तोवर तिला दोन मुलगे झाले होते. मी तिला सारे खरे सांगितले. घाई माझी, पाणी गरम, फिल्मचा दोष नव्हता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने तो बोटभर कागद उंबरठ्याच्या उजेडात धरला आणि म्हणाली, “हाऊ तिना हात शे.” मग थोड्या वेळाने, “आनि हाऊ मन्हा.” दुसरे काही बोलली नाही. तो कागद तिने देवघरातल्या पोथीत ठेवला.

ज्या बाईला मी चित्रातून बाजूला केले होते, तिच्याच हाताने ती मूठ धरून ठेवली होती. विलायतेतल्या फोटोवाल्यांनी आईवर गालिचा टाकला असे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिले; पण मी तरी दुसरे काय केले होते?

आज काळ पालटला आहे. दवाखान्यात बाळ जन्मले की पाच मिनिटांत त्याचा फोटो सुरतेलाच काय, अमेरिकेलाही पोचतो. तान्ह्या बाळांचे फोटो काढणे हा स्वतंत्र धंदा झाला आहे. जळगावात व धुळ्यातही अशी जाहिरात मी पाहिली. बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकून झोपले आहे, असे एक चित्र त्यांत हमखास असते. माझ्या नातीने मला त्यातली मेख सांगितली. तान्ह्या बाळाची मान तशी राहूच शकत नाही. कोणीतरी त्याचे डोके धरून असते. दोन फोटो घेऊन ते जोडतात आणि धरणारा हात संगणकावर पुसून टाकतात. मी ऐकून गप्पच झाले. दीडशे वर्षांपूर्वी गालिचा होता, आता रबर आहे. हात मात्र तसाच लपवला जातो.

म्हणून घरातल्या लेकीसुनांना, नातवंडांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाळाचा फोटो जरूर काढा. फोनवरच्या नेहमीच्या फ्लॅशने बाळाचे डोळे जातात याला काही पुरावा नाही. पण ते दचकते, म्हणून तो नकोच. सकाळच्या वेळी खिडकीपासून हातभर अंतरावर, बाळ पोटभर पिऊन झोपले असता काढा. त्याला उघडे ठेवू नका. तान्ह्या अंगातली ऊब भराभर निघून जाते. टोपलीत बसवणे, टांगणे असले खेळ करू नका. फोटो गावभर पाठवण्याची घाई नको. तेवढा नजरेचा धाक आजही बरा. एक तरी फोटो कागदावर छापून ठेवा, कारण फोन बदलले की त्यांतली चित्रे जातात, आणि त्या जाण्याचा साधा आवाजही होत नाही. आणि आईला बाजूला सारू नका. केस विस्कटलेले असोत, डोळे सुजलेले असोत; तिला चौकटीत घ्या. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. त्यांचीही सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. बाई कॅमेऱ्याच्या पुढे असो की मागे, तिचे नाव उशिराच लागते.

तेही आता थोडे बदलले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे व मग आडनाव लिहावे असे महाराष्ट्र शासनाने ठरवले. कागदावर जे आले ते आपल्या चित्रांत आपण आणू या.

या स्मरणिकेच्या मधल्या दोन पानांवर आपली सारी चित्रे लावली आहेत. तेथे एक चौकोन मुद्दाम कोरा ठेवला आहे. ज्यांचे फोटो कधी निघालेच नाहीत त्या बाळांसाठी तो आहे. मंडळाच्या कार्यालयात मूळ फोटो परत न्यायला याल तेव्हा टेबलावर एक पेन ठेवलेले असेल. फोटो उलटा करा आणि वडिलांच्या नावाच्या शेजारी त्या बाळाच्या आईचे नाव लिहा. ते ठाऊक असलेली माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.